एका कान्याचे अंतर

ज्या जिल्ह्यात १९७४ सालापासून दारूबंदी आहे, त्या जिल्ह्यात राहून एका मद्याच्या रसग्रहणावर निबंध लिहावयास बसणे म्हणजे वर्ध्याच्या वैशाखात लोकरीच्या कपड्यांचे दुकान थाटण्यासारखे आहे, असे आमचे एक सहाध्यापक म्हणाले. आम्ही त्यांस उत्तर दिले की, नाइटिंगेल पक्ष्याचा आवाज आयुष्यात एकदाही कानी न पडता आम्ही उभयतांनी अठ्ठावीस वर्षे त्या पक्ष्यावरील कविता शिकविली आणि तिच्यावर परीक्षेत प्रश्नही काढले. झिनफँडेल ही तांबडी वाइन आम्ही निदान प्रत्यक्ष चाखलेली आहे. तेव्हा या विषयावर बोलण्याचा आमचा अधिकार कीट्सच्या कवितेवर बोलण्याच्या अधिकारापेक्षा कांकणभर अधिकच ठरावा.

कोठे चाखली, हेही आरंभीच सांगितलेले बरे. आमची कन्या व जावई नाशिकास असतात. सेवाग्राम एक्सप्रेस या पुण्यनामधारी गाडीत रात्री बसले की सकाळी माणूस नाशिक रोडास उतरतो; अंतर सुमारे पावणेसहाशे किलोमीटर. १९४९ सालच्या कायद्याप्रमाणे या राज्यात मद्य पिण्यास परवाना लागतो, हे पुष्कळांस ठाऊकच नसते. तेथील दुकानदार एका दिवसाचा परवाना फाडून देतो. तो आम्ही रीतसर घेतो, आणि जे चाखावयाचे ते तेथेच चाखून परततो. वर्ध्यास आमच्या कपाटात खोकल्याच्या औषधाखेरीज दुसरी बाटली नाही.

आपल्या मध्यमवर्गीय घरांतून मद्याविषयी दोनच भूमिका आढळतात. पहिली, त्याचे नाव काढावयाचे नाही, दुसरी, ‘बसावयाचे’. ‘आज बसू या’ या वाक्यातील क्रियापद मोठे बोलके आहे. बसणारा बसतो तो उठेपर्यंत. मध्ये चकणा असतो, मोठमोठ्याने बोलणे असते, आणि पेल्यात काय आहे याचा विचार कोणासही नसतो. न बसणारा तर पेल्याकडे पाहातच नाही. म्हणजे एकाने गिळावयाचे व दुसऱ्याने डोळे मिटावयाचे; पाहून, हुंगून, थांबून चव घेणारा तिसरा मनुष्य आपल्या समाजात जवळजवळ नाही. वास्तविक ही परंपरा आपणांस परकी नव्हती. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्षाच्या प्रकरणी मेदक, प्रसन्ना, आसव, अरिष्ट, मैरेय आणि मधु असे मद्याचे भेद दिलेले आहेत. त्यांतील मधु म्हणजे द्राक्षांचे मद्य, आणि ते ज्या प्रदेशातून येई त्या प्रदेशाच्या नावाने ओळखले जाई. आज या सर्वांस आम्ही ‘दारू’ या एकाच शब्दाच्या पोत्यात कोंबले आहे. ज्या वस्तूंस निरनिराळी नावे नाहीत, त्यांतील भेद जिभेसही कळेनासे होतात.

झिनफँडेलच्या नावाची कथा तर एखाद्या कादंबरीस शोभण्याजोगी आहे. हे काळे द्राक्ष कॅलिफोर्नियाचे स्वतःचे म्हणून शतकभर मिरवत होते. परंतु त्याचे मूळ कोणासही सांगता येत नसे. १८२० नंतरच्या दशकात न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडमधील जॉर्ज गिब्ज नावाच्या रोपवाटिकाकाराने व्हिएन्नाच्या शाही बागेतून काही वेली आणविल्या, त्यांत हे द्राक्ष आले असावे असे मानतात. बॉस्टनकडील हौशी मंडळींनी ते काचगृहांत वाढवून फळ म्हणून खाल्ले. पुढे सोन्याच्या शोधार्थ लोक पश्चिमेकडे धावले, त्या धामधुमीत १८५० नंतर ते कॅलिफोर्नियास पोहोचले, आणि खाणीत राबणाऱ्या माणसाची तहान भागवू लागले. थोरांच्या बागेतून निघून मजुरांच्या पेल्यात स्थिरावलेले असे हे कूळ.

१९६७ साली ऑस्टिन गोहीन नावाचे वनस्पतिरोगतज्ज्ञ इटलीत गेले असता तेथील प्रिमितीवो या द्राक्षाची वेल त्यांस ओळखीची वाटली. ही दोन्ही एकच, हे पुढे जनुकीय परीक्षेने सिद्ध झाले. पण इटलीही जन्मभूमी नव्हे. डेव्हिस येथील विद्यापीठातील कॅरोल मेरेडिथ आणि क्रोएशियातील शास्त्रज्ञ इव्हान पेयिच व एडी मालेतिच यांनी दाल्मेशियाच्या समुद्रकाठच्या बागा धुंडाळल्या, आणि २००१ साली स्प्लिट शहराजवळील एका जुन्या मळ्यात त्यांस हे द्राक्ष सापडले. तेथे त्याच्या वेली हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या उरल्या होत्या, आणि नाव होते त्सर्ल्येनाक काश्तेलान्स्की. मागाहून एका संग्रहालयातील वाळलेल्या पानांची परीक्षा होऊन त्याचे आणखी जुने नाव त्रिबिद्राग हे ठरले. त्या नावाच्या मद्याचे उल्लेख पंधराव्या शतकापर्यंत मागे जातात. समुद्रापार ज्याच्या हजारो एकर बागा पसरल्या, त्याच्या जन्मगावी मात्र नाव सांगावयास चार वेली उरल्या होत्या. शिकून परदेशी गेलेल्या मुलांच्या आमच्याकडील ओस वाड्यांची आठवण कोणास झाल्यास नवल नाही.

या द्राक्षाचा स्वभावही मोठा विलक्षण आहे. त्याच्या एकाच घडात काही मणी पिकून रसरसलेले, काही वाळून मनुका झालेले, तर काही अद्याप हिरवे आंबट असे एकाच वेळी असतात. ज्याने एकदा तरी पदवीच्या प्रथम वर्षाचा वर्ग शिकविला आहे, त्यास हा घड समजावून सांगण्याची गरज नाही. सर्वांची वाट पाहावी तर काही सुकून जातात. घाई करावी तर काही कच्चे राहातात. परंतु या विषमतेतच या वाइनचे सामर्थ्य आहे. मनुका झालेल्या मण्यांतून साखर व मुरांब्यासारखा घट्ट स्वाद येतो, हिरव्या मण्यांतून तरतरीत आंबटपणा येतो. साखर पुष्कळ, म्हणून मद्यार्कही पुष्कळ. कॅलिफोर्नियातील कित्येक झिनफँडेलमध्ये तो शेकडा चौदा-पंधरापर्यंत व त्याहूनही वर जातो. लाजरेबुजरेपणा हिच्या अंगी नाही; दार उघडताच मोकळ्या आवाजात ‘या, बसा’ म्हणणाऱ्या यजमानासारखी ही आहे.

महाराष्ट्रात ती आली तिचा मार्गही कॅलिफोर्नियातूनच. तिकडे शिकून व नोकरी करून परतलेले राजीव सामंत यांनी गेल्या शतकाच्या अखेरीस नाशिकजवळ गंगापूर धरणाच्या परिसरात मद्याच्या द्राक्षांची लागवड केली. मातोश्रींच्या सुलभा या नावावरून मळ्यास ‘सुला’ हे नाव दिले. आणि कॅलिफोर्नियाच्याच केरी डॅम्स्की या मद्यकर्त्याच्या साहाय्याने २००० साली पहिल्या बाटल्या बाजारात आणल्या. झिनफँडेल ही त्यांच्या आरंभीच्या लागवडीपैकी. युरोपातील वेल हिवाळ्यात झोपते. आमच्याकडे तिला झोपविणारी थंडी नाही. म्हणून नाशिकचा शेतकरी वर्षातून दोनदा कात्री चालवितो. एप्रिलात खरड छाटणी, पावसाळा सरता सरता गोडी छाटणी, आणि मग पौष-माघाच्या सुमारास तोडणी. ‘गोडी छाटणी’ हा शब्द आम्ही प्रथम ऐकला तेव्हा आमच्यातील भाषेचा अध्यापक काही वेळ तेथेच थबकला. गोडी यावयाची तर छाटावे लागते, हे वेदांताचे सार त्या शेतकऱ्याने दोन शब्दांत सांगून टाकले होते.

आता चाखण्याविषयी. प्रथम उष्णतामानाचा प्रश्न. तांबडी वाइन घरातल्या साध्या तापमानास प्यावी असे इंग्रजी पुस्तके सांगतात. पण ते घर युरोपातले, म्हणजे सोळा ते अठरा अंशांचे. आमच्या एप्रिलातील घरात तोच नियम पाळल्यास हाती औषधी काढा येतो. म्हणून बाटली अर्धा तास शीतकपाटात ठेवावी. पेला तृतीयांशाहून अधिक भरू नये. मागे पांढरे वस्त्र धरून रंग पाहावा: माणकासारखा तांबडा, कडेस जांभळट. मग न हलविता हुंगावे, नंतर पेला एकदा फिरवून पुन्हा हुंगावे. पाश्चात्त्य लेखक येथे ब्लॅकबेरी, रास्पबेरी अशी नावे घेतात. ही फळे आमच्या पिढीने पाठ्यपुस्तकांतच पाहिली. पहिल्या दिवशी आमच्या सौभाग्यवतींनी पेला केवळ नाकाशी नेला, आणि त्या म्हणाल्या, “अहो, हे तर जांभूळ आहे. आणि मागून मिरी कुटल्यासारखे येते आहे.” जावईबापूंनी बाटलीवरील मजकूर वाचावयास घेतला होता, तो त्यांनी मुकाट्याने खाली ठेवला. ज्या नाकाने तीस वर्षे भाजलेल्या मसाल्याची एक लवंग अधिक झाली की उणी हे सांगितले, त्यास परक्या फळांच्या नावांची उसनवारी कशास हवी? त्या दिवसापासून आमच्या कोशात जांभूळ, करवंद, मनुका, मिरी आणि आमसूल हे शब्द आहेत, आणि आजपर्यंत ते अपुरे पडलेले नाहीत.

यानंतर घोट. तो लहान असावा, आणि तोंडात थोडा वेळ फिरू द्यावा. प्रथम फळाची गोडी भासते. वस्तुतः साखर फारशी उरलेली नसते, पण पिकलेपणाचा तो भास असतो. त्यामागून आंबटपणा येतो व जिभेच्या कडा जाग्या होतात. मग हिरड्यांवर तुरटपणा चढतो. आपल्या षड्रसांत ज्यास कषाय म्हटले आहे तोच हा, द्राक्षाच्या सालीचा व बियांचा. शेवटी घशाखाली ऊब उतरते. या चौघांचे एकमेकांशी पटते की नाही, हीच परीक्षा. ऊब फळाच्या आड राहिली तर वाइन साधली. ऊबच पुढे येऊन घसा पोळू लागला, अथवा मुरांबाच तेवढा जिभेवर चिकटून राहिला, तर ती फसली. याच द्राक्षापासून निघणारी फिकट गुलाबी, गोडसर वाइन हा निराळा प्रकार. तिचेही चाहते पुष्कळ आहेत, पण आम्ही त्यांतले नव्हे.

संस्कृत साहित्यशास्त्रात काव्याचे दोन पाक सांगतात. ज्याचा रस आतबाहेर सहज स्फुरतो तो द्राक्षापाक, आणि ज्याचे कवच फोडल्यावाचून रस हाती येत नाही तो नारिकेलपाक. भारवीच्या वाणीस मल्लिनाथाने नारळाची उपमा दिली ती याच अर्थाने. मद्यांतही हे दोन पाक आहेत. फ्रान्समधील बोर्दो प्रांताच्या थोर वाइन नारिकेलपाकाच्या: दहा-वीस वर्षे थांबावे, मोठे मोल मोजावे, जाणत्याजवळ बसून शिकावे, तेव्हा त्या उलगडतात. झिनफँडेल निव्वळ द्राक्षापाकाची. ती पहिल्याच भेटीत बोलते, आणि नवशिक्याशीही बोलते.

तिच्यासह भोजन काय असावे, याचाही आम्ही थोडा प्रयोग केला आहे. झणझणीत ठेचा किंवा सावजी रस्सा हिच्यापुढे मांडू नये; मद्यार्काने तिखटाचा दाह वाढतो आणि दोन्ही चवी बुडतात. परंतु काड्यांवर भाजलेल्या वांग्याचे, बेताच्या तिखटाचे भरीत आणि भाकरी हिच्याजवळ ठेवून पाहावी. भरताचा धूर आणि वाइनमधील मिरी यांची ओळख जुनी असल्यासारखी वाटते. चौघांत एक बाटली दोन संध्याकाळी पुरते. उरलेली घट्ट बूच लावून थंड जागी ठेवल्यास दुसऱ्या दिवशी ती किंचित मवाळ झालेली आढळते, आणि आम्हांस ती तशीच अधिक आवडते.

हिची किंमत काय, असे कोणी विचारील. नाशिकची झिनफँडेल एका जाडजूड इंग्रजी ग्रंथाच्या किमतीत येते, आणि त्या ग्रंथाप्रमाणेच तिच्याकडेही स्वस्त म्हणून नाक मुरडणारे लोक असतात. मोल आणि मूल्य यांतील भेद न कळणे हा आमच्या इंग्रजी शिकलेल्या वर्गाचा जुना रोग आहे. १९०६ साली लंडनच्या डेंट यांनी ‘एव्हरीमन्स लायब्ररी’ ही माला एका शिलिंगास एक ग्रंथ या दराने काढली, तेव्हा कातडी बांधणीच्या प्रती बाळगणाऱ्यांनी काय म्हटले असेल ते असो. शेक्सपिअर आमच्या वडिलांच्या पिढीस भेटला तो त्या मालेतूनच. महाग वस्तूची स्तुती करण्यास रसिकता लागत नाही. किमतीची चिठ्ठी वाचता येणे पुरते. जेथे किंमत काहीच सुचवीत नाही, तेथे स्वतःच्या जिभेवर विश्वास ठेवावा लागतो, आणि म्हणूनच स्वस्त पण प्रामाणिक वाइन ही रसिकतेची खरी शाळा होय.

येथवर येऊन थांबलो असतो तर निबंध सोपा झाला असता. पण आम्ही वर्ध्याचे. अमेरिकेतही १९२० पासून १९३३ पर्यंत दारूबंदी होती, आणि तिच्या इतिहासात एक विनोद दडलेला आहे. प्रत्येक कुटुंबास घरच्या घरी वर्षाकाठी दोनशे गॅलनपर्यंत फळांचा रस करण्याची मुभा कायद्याने ठेवली होती. त्या रसाचे पुढे काय होई हे सर्वांस ठाऊक होते. त्यासाठी झिनफँडेलची द्राक्षे आगगाड्या भरभरून पूर्वेकडे जात, आणि त्यामुळे कित्येक जुन्या वेली कुऱ्हाडीपासून वाचल्या. आज ज्या शतकाहून जुन्या वेलींचे कौतुक होते, त्यांतील काहींस बंदीनेच जीवदान दिले. हे उदाहरण देऊन, बंदी कशी निष्फळ असते ते आमच्या जिल्ह्यासही समजावून सांगावे, असा मोह सुशिक्षितांस होतो. चोरटी दारू येथे मिळते, मोहाच्या भट्ट्या लागतात, हे कोण नाकारील?

परंतु आमच्या घरी धुण्याभांड्यास येणाऱ्या बाई या विषयातील आमच्याहून मोठ्या अधिकारी आहेत. त्यांचा नवरा पितो. एकदा आमच्या सौभाग्यवतींनी त्यांस विचारले की, बंदी असूनही मिळतेच, तर बंदीचा उपयोग काय? त्या म्हणाल्या, “दुकान उघडं असतं तं रोज समोरूनच घेऊन आला असता, बाई. आता दोन कोस जावं लागते. कधी पाय दुखते, कधी पोलीस रायते. तेवढ्या दिवशी माह्या घरी चूल पेटते.” अर्थशास्त्राच्या कोणत्याही ग्रंथात बंदीचा हिशेब इतक्या नेमका मांडलेला आमच्या वाचनात नाही. २०२२ च्या आरंभी मोठ्या दुकानांतून वाइनविक्रीस परवानगी देण्याचा निर्णय राज्य सरकारने घेतला, तेव्हा ‘वाइन म्हणजे दारू नव्हे’ असे मोठ्या आवाजात सांगण्यात आले. ते खरे नाही. झिनफँडेल ही दारूच आहे. मद्यार्कास पेल्याचा आकार कळत नाही. मद्याचे निर्धोक असे प्रमाणच नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली स्पष्ट सांगितले. तेव्हा तांबडी वाइन हृदयास हितकर म्हणून घेतो, ही पळवाटही आता आम्हांस उरलेली नाही. आम्ही ती घेतो ती चवीसाठी, वर्षातून तीन-चार वेळा, आणि तिच्यासाठी पावणेसहाशे किलोमीटर जावे लागते यात आम्हांस काही अन्याय वाटत नाही. आमचे सुख एवढा प्रवास करू शकते. त्या बाईंच्या चुलीस तो करता येणार नाही.

सेवाग्राम आमच्या घरापासून जवळ आहे. गांधीजी तेथे १९३६ साली राहावयास आले. त्यांच्या एकादश व्रतांपैकी एक व्रत अस्वादाचे. १९३० साली येरवड्याच्या तुरुंगातून त्यांनी आश्रमवासीयांस व्रतांवर पत्रे लिहिली, त्यांत या व्रतावरही एक आहे. अन्न औषधासारखे घ्यावे, जिभेच्या सुखासाठी नव्हे, असा त्याचा आशय. आमचा व्यवसाय मात्र आस्वादाचा. अस्वाद आणि आस्वाद यांत लिहिताना एका कान्याचे अंतर आहे, आणि आमच्या घरापासून आश्रमापर्यंतच्या रस्त्यावर हे अंतर आम्ही पुष्कळदा मोजलेले आहे. दोहोंत साम्य एवढेच की, दोहोंस सावधानता लागते. व्यवसायाने वाइन चाखणारे तज्ज्ञ तोंडातील घोट थुंकून टाकतात. चव घेणे आणि नशा घेणे या दोन गोष्टी वेगळ्या करता येतात, याचा याहून स्पष्ट पुरावा नाही. पण म्हणून आश्रमास आमचे म्हणणे मान्य होईल, असे समजण्याइतके आम्ही भाबडे नाही. तो कान्हा त्यांनी विचारपूर्वक गाळला आहे, आणि आम्ही विचारपूर्वक ठेवला आहे. दोघांच्याही मते ज्याची कीव करावी असा मनुष्य तिसराच: जो गिळतो, आणि काय गिळले ते ज्यास सांगता येत नाही.

या विद्येचा वर्ध्यात काही उपयोग आहे का? आहे, असे आम्ही म्हणू. मृगाच्या आगेमागे आमच्या महाविद्यालयाच्या आवारातील झाडाखाली जांभळांचा सडा पडतो. पूर्वी आम्ही चार उचलून, मीठ लावून, बोलत बोलत खात असू. आता पहिले जांभूळ तोंडात टाकले की आम्ही क्षणभर गप्प राहातो. आधी गोडी, मग आंबटपणा, मग हिरड्यांवर चढणारा तो कषाय. एवढे सारे त्या फळात पूर्वीपासून होते. पलीकडे प्रवेशासाठी आलेली मुले जिभा जांभळ्या करून कार्यालयाच्या पायऱ्यांवर बसलेली असतात, आणि या फळावर कोणत्याही सरकारची बंदी नाही.